न फाडलेलं पान

४ मार्च

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. पुढच्या महिन्यात भल्याभल्यांपुढे भाषण ठोकणाऱ्या बाईला टिल्लू म्हणू नये हे मला कळतं, पण दुसरं काही लिहायला गेले की हात अडतो. तेव्हा चालवून घे.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना नाही. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग चढतच राहा. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. मी बरी आहे. कुणी विचारलं नाही तरी सांगून टाकते.

फोनवर नको, लिहूनच कळव म्हणालीस ते बरं केलंस. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, मग आई मध्ये पडते, आणि पडताना ती दर वेळी तुझ्याच बाजूला पडते.

पार्सल पोचलं. पान धरायचा चिमटा, काळं टोपरं आणि तुझ्या अक्षरातल्या सूचना, सगळं नीट आहे. टोपरं लगेच ओळखलं. आईने तुझ्या मोजणीच्या पेटीवर घालायला शिवलं होतं ना, तू नव्या प्रयोगशाळेत रुजू झालीस तेव्हा. एवढं जाड काळं कापड तिने कुठून पैदा केलं देव जाणे. त्याच सुमारास मीही माझ्या टेबलासाठी एक काळा पडदा मागितला होता, तर म्हणाली, "तुझ्या कंपनीत मिळत असेल की." मिळाला. कंपनीत सगळं मिळतं. पण टोपरं कसं, त्याला कानसुद्धा आहेत, बांधायला बंद आहेत, एखाद्या बाळाला घालावं तसं.

तुझ्या बातमीतून आमच्या इमारतीत कुणाची सुटका झालेली नाही. "माझ्या धाकटीने शोध लावला, झाडाचं पान फाडलं की ते उजळतं," असं आई जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगते. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तर खरंच एक पान फाडून दिव्याशी धरून बघत होते. मी म्हटलं, मास्तर, तसं दिसत नाही, दर सेकंदाला चार-दोन प्रकाशाचे कण सुटतात, ते डोळ्याला कसे दिसणार. ते म्हणाले, "मग तिला कसे दिसले?" मी म्हटलं, तिच्याकडे ते कण मोजणारी ट्यूब आहे. ते म्हणाले, "हुशार आहे हो तुमची बहीण." ट्यूब कोण बनवतं, कोण तपासतं, असा प्रश्न त्यांना पडला नाही.

तुलाही कधी पडला नाही, म्हणून आज मीच सांगते. मी रोज सकाळी घड्याळ काढून कपाटात ठेवते, कारण त्याचे काटे अंधारात चमकतात. मग दोन जाड पडद्यांमधून आत जाते. आतलं प्रत्येक बटण मला बोटांनी माहीत आहे. ट्यूबवर प्रकाशाचा एकुलता एक कण, एक फोटॉन पडला, की यंत्र एकदा टिक करतं. तुला वाटेल, अंधार केला की टिकटिक बंद होत असेल. होत नाही. झाकण घट्ट लावलं, आत काही म्हणजे काही नसलं, तरी ट्यूब आपली टिकटिकत राहते, स्वतःच्याच उबेने. तिला आम्ही डार्क काउंट म्हणतो. नवीन ट्यूब आली की मी आधी ती रिकामी टिकटिक मोजते आणि डबीवर आकडा लिहिते. घेणाऱ्याने आपल्या मोजणीतून तेवढी वजा करायची आणि उरेल तेवढाच प्रकाश खरा धरायचा. तू ज्या ट्यूबवर शोध लावलास तिच्या डबीवरचा आकडा माझ्या हातचा आहे. बघितला असशील.

वर्षानुवर्षं हेच करते आहे आणि मला ते आवडतं, हीच तर पंचाईत. कुणी माझं शिक्षण बंद पाडलं असतं, कुणी अडवलं असतं, तर रडायला तरी सोय होती. तसं काही झालं नाही. मला परीक्षांचा कंटाळा आला आणि अंधारी खोली आवडली. मग तू त्याच विषयात शिरलीस. कानामागून आली आणि तिखट झाली, हे कोणी म्हटलंय ते मला माहीत नाही, पण त्या बाईला धाकटी बहीण असणार.

असो. सभेवाल्यांना दुसऱ्या कुणीतरी केलेली मोजणी हवी आहे म्हणून तू माझ्याकडे पाठवलंस. साहेबांची परवानगी काढली आहे. संध्याकाळी काम उरकल्यापासून सकाळी ते सुरू होईपर्यंत खोली माझी. पुढच्या आठवड्यात मोजते आणि कळवते. तू जसं लिहिलंयस तसंच करीन, शहाणपणा करणार नाही.

आई म्हणते, जेवणाच्या वेळा सांभाळ. माझ्या वेळा सांभाळलेल्याच असतात.

तुझी,
ताई


१४ मार्च

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद आणि अभिनंदन.

मोजलं. तुझ्या सूचनेप्रमाणे पान आदल्या संध्याकाळी चिमट्यात अडकवलं, टोपरं बांधलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी मोजलं, पान जवळजवळ गप्प. मग ट्यूबपुढची झडप बंद केली, खोलीतला दिवा लावला, टोपरं उघडलं, पान फाडलं, टोपरं बांधलं, दिवा घालवला, पाच मिनिटं थांबले आणि झडप उघडली. तू म्हणतेस तश्शी उडी आली. यंत्र इतकं टिकटिकायला लागलं की मी दचकले. मग ती हळूहळू उतरत गेली. तुझ्या आलेखावर माझा ठेवला तर एकावर एक बसतो. सहीचा कागद सोबत जोडला आहे.

तेव्हा निर्धास्त जा.

सभागृह केवढं आहे? आई म्हणत होती, मोठं आहे, वर सज्जाही आहे. पहिल्या रांगेत कोण कोण बसणार? आणि तुझे ते म्हातारे प्रोफेसर, भर सभेत माणसाला सोलून काढतात म्हणून तू घाबरायचीस, ते येणार का? येणारच म्हणा. अशा ठिकाणी ते चुकवतील कसे. ते प्रश्न विचारायला उभे राहतात तेव्हा चष्मा काढतात असं तू सांगितलं होतंस, ते माझ्या लक्षात राहिलंय.

आई येणार आहे तुला ऐकायला. तिकीट काढून झालं. गुडघा गुंडाळून येणार. माझ्या कारखान्यात तिने आजवर पाय ठेवलेला नाही, आणि तो घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. पण ते म्हणतात ना, पिकतं तिथे विकत नाही. मी काही मनावर घेत नाही.

काल सहज तिला विचारलं, टिल्लूचं टोपरं शिवताना दोरा कुठला घेतला होतास गं? तर म्हणाली, तिला एवढंच आठवतंय की काळा मध्येच संपला होता. जाऊ दे. तो विषय वेगळा.

माझी तब्येत उत्तम आहे. या आठवड्यात तर फारच उत्तम. कामावर पॅकिंगमधल्या काकू म्हणाल्या, काय हो, आज गुणगुणताय. मी म्हटलं, बहिणीचं मोठं कौतुक होणार आहे.

नळ अजून गळतोच आहे. भाषणाला जाताना निळे कपडे घाल, तुला शोभतात. चारचौघांत उठून दिसशील.

बाकी सगळं ठीकच.

ताई


२८ मार्च

टिल्लू,

आशीर्वाद वगैरे शेवटी देते. आधी हे वाच, आणि खुर्ची असेल तर बसून वाच.

तुझं उत्तर आलं. दोनच ओळी: "ताई, तू मोजलंस म्हणजे मोजलंस. आता मला कुणाचीच भीती नाही, त्या म्हाताऱ्यांचीसुद्धा." मला वाटलं होतं तू पानभर स्वतःचं कौतुक लिहिशील, मग मला तुझा राग राग करायला बरं पडेल. दोन ओळींचा राग कसा करायचा?

१४ तारखेच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नाही. आकडे खरे, उडी खरी, सही माझी. फक्त एक गोष्ट लिहिली नाही, आणि ती मला पत्र लिहिण्याच्या आदल्या दिवशीच कळली होती.

झालं असं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा उडी आली आणि माझा असा जळफळाट झाला की काय सांगू. म्हणजे हिचं खरंच निघालं! माझ्या खोलीत, माझ्या ट्यूबवर, माझ्या हातांनी मीच हिचं खरं करून दाखवते आहे! म्हटलं, अजून एकदा करू, चूक सापडलीच तर सापडली. नवं पान लावलं, रात्र जाऊ दिली, सकाळी झडप बंद, दिवा लावला, टोपरं उघडलं आणि चिमटा हातात घेतला, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. आई. कामावर ती कधी फोन करत नाही, म्हणून घाबरून उचलला. तर काय, टिल्लूला भाषणाच्या दिवशी पायात काय घालायचं ते विचार, तिचे बूट चावतात. मी म्हटलं, आई, मी कामात आहे. ती म्हणाली, "तू नेहमीच कामात असतेस, तिचं मात्र एकदाच आहे." मी फोन आदळला. तणतणत परत आले, टोपरं बांधलं, दिवा घालवला, पाच मिनिटं बसले, झडप उघडली. उडी आली. तशीच, तेवढीच, आणि तशीच उतरत गेली.

उतरून गेल्यावर टोपरं उघडलं. पान अखंड होतं. मी ते फाडलंच नव्हतं.

टिल्लू, तू कधी पान न फाडता टोपरं नुसतं उघडून मिटून बघितलंस का? नाही बघितलंस. सूचनांमध्ये तसं कुठे नाही. अख्खं पान तू रात्रभर अंधारात राहिल्यावर मोजतेस आणि फाडलेलं पान दिवा लावून उघडल्यावर. पान उजेड धरून ठेवतं म्हणून तू पाच मिनिटं थांबतेस, तेवढं बरोबर केलंस. पण पानाशिवाय आत आणखी काय उजेड धरून ठेवतं? मी टोपरं उलटं करून पाहिलं. बाहेरून टीप काळी, आतून पांढरी. आईच्या डब्यात काळा दोरा संपला, तेव्हा तिने खालच्या बॉबिनला पांढरा भरला. आतून कोण बघतंय! पांढरं शुभ्र दिसावं म्हणून दोऱ्यात जे काही घालतात, त्याला दिव्याचा उजेड लागला की ते बराच वेळ मिणमिणत राहतं. डोळ्याला कळत नाही, ट्यूबला कळतं. घरच्या डब्यातून त्याच दोऱ्याचा तुकडा आणला, त्याला दिवा दाखवला आणि नुसता तेवढाच पेटीत ठेवला. पान नाही, टोपरं नाही. उडी आली.

तुझी उडी म्हणजे आईची शिलाई होती.

हे कळलं तेव्हा मला काय वाटलं ते लिहिते, कारण बाकी सगळं लिहून हेच लपवलं तर या पत्राला काही अर्थ नाही. मला आनंद झाला. साधासुधा नाही, अंधाऱ्या खोलीत एकटी हसत बसले होते. डोळ्यांपुढे ते सभागृह आलं, सज्जा आला, पहिली रांग आली. म्हातारा उभा राहतो, चष्मा काढतो आणि विचारतो, "बाई, पान न फाडता उघडून पाहिलं होतं का?" आणि तू निळ्या कपड्यांत. तो प्रश्न त्याला सुचणारच होता, मला खात्री आहे. मला फक्त गप्प बसायचं होतं. दोष कुणाचाच नाही, मी सांगितल्याप्रमाणेच मोजलं होतं. म्हणून ते "निर्धास्त जा". ती ओळ लिहून मी पाकीट चिकटवलं आणि चार दिवस गुणगुणत होते.

चार दिवसच. पाचव्या दिवशी तुझं पत्र आलं. तेव्हापासून चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी गत झाली. आई टोपऱ्याचं नाव काढायची आणि मी उठून नळाखालचं भांडं बदलायचे. मास्तर जिन्यात म्हणाले, "मग, बहीणबाईंचं पान काय म्हणतंय?" आणि मला वाटलं, यांना कळलंय.

मग मी आईला म्हटलं, टोपऱ्याची टीप झिजलीय, पुन्हा मारायला हवी, काळ्या दोऱ्याने, आत बाहेर दोन्हीकडून. टोपरं घरीही आणता आलं असतं. पण ती म्हणाली, "पेटीवर बसतंय का बघायला नको? मी येते." मशीन काही उचलून आणता येत नाही, तेव्हा हातशिलाई करायचं ठरलं. अशी ती पहिल्यांदा माझ्या कामावर आली. ती जिना चढली, उतरायचा होता तेव्हा तिने शिव्या दिल्या. साहेबांना म्हणाली, "हिला जरा दिवसाउजेडी बसवा कुठेतरी, पांढरी पडलीय." साहेब हसले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जुनी टीप उसवताना पांढरे धागे तिच्या मांडीवर पडत होते. तिने ते गोळा केले, बोटाला गुंडाळले, आणि एकदम विचारलं, "माझ्या दोऱ्याने टिल्लूचं काही बिघडलं का?"

मी म्हटलं, "नाही गं. झिजला होता म्हटलं ना."

"खोटं बोलताना तू नाक खाजवतेस," ती म्हणाली. मी नाक खाजवत होते. पण पुढे तिने काही विचारलं नाही. तूही सांगू नकोस. तिला अर्धं कळलंय, तेवढं पुरे.

शिवून झाल्यावर तिला खोलीत नेलं, दिवा घालवला. मी पेटी रिकामी ठेवून आवाज सुरू केला. टिक... टिक टिक... टिक.

"आत कोण आहे?" तिने माझा हात धरून विचारलं.

"कुणी नाही. काहीच नाही. ती रिकामीच वाजते."

"मग वेडी आहे का?"

"वेडी नाही. गरम आहे. थंड केली की कमी वाजते, पण पुरती थांबत नाही."

आई म्हणाली, "तुझ्यावरच गेलीय."

आणि टिल्लू, मी इतकी हसले की टेबलावरचा हात घसरला. ती पण हसली. मग तशा अंधारातच मी तिला विचारलं, तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं. म्हटलं, "माझं तू जिन्यात कधी कुणाला सांगत नाहीस."

"काय सांगू?" आई म्हणाली. "विचारलं की तू म्हणतेस, तुला नाही कळायचं. ती मला पान फाडलं की उजळतं असं तरी सांगते. तू काय करतेस ते मला आज कळलं. तू रिकाम्या डब्यांचा आवाज मोजतेस. हे मी मास्तरांना सांगितलं तर ते मला वेड्यात काढतील." मग म्हणाली, "पण सांगीन."

सांगितलंसुद्धा, त्याच संध्याकाळी. चुकीचंच सांगितलं. मी दुरुस्त केलं नाही.

आता मुख्य गोष्ट. काळ्या टिपेचं टोपरं घालून मी तुझं पान पुन्हा मोजलं. पण दिवा लावला नाही. झडप बंद करून टोपरं अंधारातच उघडलं, पान बोटांनी चाचपलं आणि तसंच फाडलं. ते तुला जमलं नसतं, मला जमतं. पुन्हा बांधलं, झडप उघडली आणि ऐकत बसले.

काही नाही. उडी नाही, काही नाही. नेहमीची रिकामी टिकटिक आणि अख्ख्या पानाची असते तेवढी थोडीशी, बस. खरं सांगते, त्या वेळी मला आनंद झाला नाही. मला वाटलं, आता टिल्लूला काय लिहू. आधीचा आनंद कुठे गेला कोण जाणे, शोधून सापडला नाही. मी यंत्र बंद करणार होते. पण कामावरची सवय, ट्यूब लावली की बराच वेळ तिला कान देऊन बसायचं. बसले. आणि मग टिकटिक दाट व्हायला लागली. अगदी सावकाश, सहज ऐकणाऱ्याच्या लक्षात येणार नाही अशी. अर्ध्या तासाने ती सुरुवातीच्या जवळजवळ दुप्पट झाली होती, आणि मग तिथेच राहिली.

चार पानांवर करून बघितलं. चारही तशीच. न फाडता नुसतं उघडून मिटलं तर काहीच नाही. फाडलं तर आधी गप्प, मग हळूहळू वर. तेव्हा टिल्लू, तुझं पान खरंच उजळतं. तू म्हणत होतीस तेवढं नाही आणि तू म्हणत होतीस तसं नाही. तू उतरता आलेख काढलास, खरा चढता आहे. पण उजळतं. दोऱ्याच्या झगमगाटात तुला ते दिसलंच नव्हतं.

इथेही थोडं पोटात दुखलंच. मनात आलं, हे तर मी पाहिलं. तू नाही. साहेबांना सांगावं, आपल्याच नावाने छापावं, कुणी चोरी म्हणणार नाही. एक आख्खी दुपार हा विचार मी चघळला, मग थुंकून टाकला. मोठ्या मनाने वगैरे नाही. पान फाडून बघावं हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. ते तुला सुचलं, आणि दुसऱ्याचं सुचलेलं मला पचलं नसतं.

सगळे आकडे सोबत जोडले आहेत, उडी आलेल्या न फाडलेल्या पानाचेसुद्धा. तो आलेख आधी दाखव. म्हाताऱ्याने चष्म्याला हात घालायच्या आत दाखव. म्हण, पहिल्या मोजणीत टोपऱ्याच्या दोऱ्याचा उजेड मिसळला होता, तो आम्ही शोधला आणि काढून टाकला. कुणी शिवलं ते सांगायची गरज नाही. टोपरं आजच परत पाठवते आहे. बंद घट्ट बांध, आणि तुझ्याकडेही पान अंधारातच फाडायला शीक. सवय होईपर्यंत बोट कापेल.

आणि माझं नाव घाल. आभारात नको, वर घाल, तुझ्या शेजारी. तुझ्यामागे चालेल. "ताईने मदत केली" असं गोड बोलून मला शेवटच्या ओळीत बसवलंस तर मी तुझ्याशी वर्षभर बोलणार नाही. "राहू दे गं, तुझंच यश" असं म्हणणारी बहीण तुला हवी होती, मला माहीत आहे. तशी मिळाली नाही.

मीही येणार आहे. आईच्या शेजारचं तिकीट काढलं. वर सज्जात बसू. तिला तू ठळक दिसशील आणि माझं तोंड तुला दिसणार नाही.

एवढं सगळं लिहिल्यावर हेवा कमी होईल असं वाटलं होतं. लिहून झालं, आहे तेवढाच आहे. तुझं चुकलं तेव्हा होता, बरोबर निघालं तेव्हाही आहे, आणि काही घडलं नाही तरी असतोच, आपल्याच उबेने टिकटिकत. तो थांबेल असं मी तुला सांगणार नाही. माझ्या हातच्या डबीवर जसा आकडा असतो, तसा हा या पत्रावर लिहिला आहे असं समज. पुढे मी काहीही लिहिलं, काहीही बोलले, तर आधी तेवढा वजा कर. उरेल तेवढं खरं धर. उरतं, टिल्लू. मी मोजलंय.

आशीर्वाद.

तुझी,
ताई